पोरगा सोडताना सौदा कसा करायचा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये चमकलेल्या पोरासाठी बाहेरच्या क्लबचा फोन आला की तालमीत, म्हणजे त्याच्या इथल्या क्लबात, लगेच आकड्याची चर्चा सुरू होते. थांबा. आधी करार काढून तो कधी संपतो ते बघा. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक कराराचे शेवटचे 6 महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. मग तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. मुदतवाढ की विक्री, हे वर्षभर आधीच ठरवा.

समोरचा रोख रकमेवर अडला, तर पुढच्या विक्रीतला वाटा मागा. खरी मेख इथेच असते: वाटा पूर्ण रकमेवर की नफ्यावर? 10 लाखांना दिलेला खेळाडू 30 लाखांना विकला गेला, तर 15 टक्क्यांचे पूर्ण रकमेवर साडेचार लाख होतात, नफ्यावर फक्त तीन. ‘वाटा देऊ’ एवढंच लिहिलं की भांडण ठरलेलं.

हप्त्यांच्या तारखा आणि उशिराचं व्याज करारातच घाला. रंकाळ्यावर भेळ खाताना दिलेला शब्द कुठेच टिकत नाही.

आणि नोंदणीचे कागद जपा. खेळाडू पुढे परदेशी क्लबला विकला गेला, तर 12 ते 23 वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना रकमेतले 5 टक्के वाटून मिळतात, पण नोंद असेल तरच.