जर्मन टाइपरायटरवरची नावं कशी वाचायची

सांगली-साताऱ्याकडे जुना टाइपरायटर म्हटलं की गोदरेज, रेमिंग्टन, नाहीतर हल्दा. पण एखाद्या बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं सामान निघतं, तेव्हा त्यात एखादं जर्मन ऑलिंपिया किंवा ॲडलरही हाती लागतं. नाव वाचता आलं तर मशीन कोणत्या जातीचं हे तिथल्या तिथं कळतं.

सगळ्यात सोपं ऑलिंपियाचं. एसएम-3, एसजी-1 अशा नावांतला 'एस' म्हणजे श्राइबमाशीने, टाइपरायटर. पुढचं अक्षर आकाराचं: 'एम' मिटेलग्रोस म्हणजे मध्यम, 'जी' ग्रोस म्हणजे ऑफिसातलं मोठं, 'एफ' फ्लाख म्हणजे चपटं. त्यामुळे एसएम-3 पेटीत घालून नेता येतं, एसजी-1 टेबलावरून हलवायचं तर दोघं बरे. आकडा फक्त मॉडेलचा; साल नव्हे, बटणांची संख्याही नव्हे. ॲडलर 7, टॉर्पेडो 18 यांचंही तेच.

नावाची पट्टी गळालेली किंवा दुसऱ्याच मशीनवरचं झाकण बसवलेलं, हे हमखास असतं. तेव्हा शिफ्ट दाबून बघा. एसएम-3 मध्ये अख्खी कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, वर उचलली जाते, करंगळीला वजन लागतं. एसएम-9 मध्ये कॅरेज जागेवर राहते, टाइपबारचा, म्हणजे अक्षरं बसवलेल्या दांड्यांचा, संच खाली जातो. कॅरेज आडवी सरकतच नसेल तर आधी तिचं लॉक पाहा. स्प्रिंग तुटली असं धरून भाव पाडणारे आणि पाडून घेणारे, दोघंही लॉक विसरतात.

'क्लाइन' लागलं की छोटं मशीन, उदाहरणार्थ क्लाइन-ॲडलर. टिप्पा हे 'टिपेन', म्हणजे टाइप करणे, यावरून. ग्रोमा हे ग्रोसर हे आडनाव आणि मार्कर्सडॉर्फ हे गाव यांची पहिली अक्षरं जोडून झालं. त्यांचं कोलिब्री म्हणजे हमिंगबर्ड, आणि मशीन खरंच तसं चिमुकलं. ड्रेस्डेनचं एरिका हे संस्थापकाच्या नातीचं नाव.

दोन थापांना फसू नका. मर्सिडीज टाइपरायटर मोटारवाल्यांचा नाही, ती कंपनीच निराळी. आणि ऑलिंपिया म्हणजे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची आठवण, असं सांगून कोणी भाव चढवला तर हसून सोडा. नाव त्याच्या आधीचं आहे. ऑप्टिमा मात्र ऑलिंपियाचं भावंडच. जर्मनीच्या फाळणीनंतर पश्चिमेकडे विल्हेल्म्सहाफेनला ऑलिंपिया राहिलं, पूर्वेकडच्या एरफुर्टच्या कारखान्याला नाव बदलावं लागलं.

मागे 'वेस्टर्न जर्मनी' छापलेलं असेल तर मशीन 1949 नंतरचं. नेमकं साल हवं तर कॅरेज एका टोकाला सरकवून खालच्या चौकटीवर कोरलेला नंबर शोधा आणि त्या मॉडेलच्या नंबरयादीशी ताडून घ्या. मॉडेल चुकलं की सालही चुकतं, म्हणून नाव आधी, नंबर नंतर.

पैसे देण्याआधी बटणं बघा. इंग्रजी 'वाय'च्या जागी 'झेड' आणि बाजूला टिंबवाले 'ए', 'ओ', 'यू' दिसले तर ते मशीन जर्मनीतल्या वापरासाठी बनलेलं. बटणांच्या टोप्या अदलाबदल करून भागत नाही, कारण कागदावर उमटतं ते टाइपबारच्या टोकाला डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेलं अक्षर. तेही उतरवून पुन्हा डाग द्यावा लागतो, आणि केसभर वाकडं बसलं तरी ओळीत ते अक्षर वरखाली उमटतं.