बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापासून गीझर व किटली यांचा बचाव

पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर तापणाऱ्या भागावर बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे गीझरची कॉइल पाण्याला उष्णता देण्याऐवजी स्वतःच अधिक तापते, वीज जास्त लागते आणि अखेरीस कॉइल जळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. म्हणून प्रथम पाण्याची तपासणी करून घ्यावी.

थर काढण्यासाठी किटलीत लिटरभर पाणी व दोन चमचे लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालून उकळावे, अर्धा तास तसेच ठेवावे आणि नंतर दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओतून द्यावे. लिंबूसत्त्व ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गीझरचे तापमान शक्यतो ६० अंशांपुढे नेऊ नये, कारण त्यापुढे थर फार वेगाने साचतो. टाकी मात्र वीज पूर्ण बंद करून तंत्रज्ञाकडूनच उघडून घ्यावी आणि त्याच वेळी आतला ॲनोड रॉडही (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी धातूची कांडी) तपासून घ्यावा, ज्याकडे बहुतेक घरांत दुर्दैवाने कोणी पाहत नाही.