'तार्त्यूफ' बसवताय? निदान या चुका टाळा

सतराव्या शतकातला फ्रेंच नाटककार मोलिएर याचं 'तार्त्यूफ' बसवायचं ठरलं की हौशी संस्थांमध्ये पहिला प्रश्न निघतो, "तार्त्यूफ कोण करणार?" नाटक बिघडायला तिथूनच सुरुवात होते. १६६९ साली हे नाटक बंदीतून सुटलं, तेव्हा मोलिएर स्वतः ऑर्गों, म्हणजे तार्त्यूफच्या नादी लागलेला घरमालक, करत होता. तार्त्यूफ त्याने आपल्या कंपनीतल्या द्यु क्रुआझी या नटाला दिला होता. लेखक, कंपनीचा प्रमुख आणि पॅरिसला पोट धरून हसवणारा नट जी भूमिका स्वतःकडे ठेवतो, तिच्याकडे जरा नीट बघा. ढोंगी तार्त्यूफ असला, तरी नाटक त्याला घरात आणून बसवणाऱ्याचं आहे.

तार्त्यूफला घाईने रंगमंचावर आणणं

ही माझी सर्वांत नावडती चूक. मूळ संहितेत तार्त्यूफ तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात येतो. तोवर दोन अंक घर त्याच्याबद्दल नुसतं बोलत असतं. आजच्या उतावळ्या दिग्दर्शकाला हे सहन होत नाही. "प्रेक्षक थांबणार नाही हो!" असं मला वर समजावलं जातं.

एका स्पर्धेत पाहिलेला प्रयोग सांगतो. पहिले दोन अंक छाटून एक पंधरा मिनिटांचा तुकडा केलेला. पडदा उघडतो तोच लाल प्रकाशात तार्त्यूफ, हातात जपमाळ, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतोय. हशा मिळाला. मग ऑर्गों गावाहून परतला आणि नाटकातला सगळ्यात गमतीदार प्रवेश सुरू झाला. मोलकरीण दोरीन सांगते, बाईसाहेबांना ताप होता, डोकं ठणकत होतं. ऑर्गों विचारतो, "आणि तार्त्यूफ?" तो ठणठणीत आहे, दोन तित्तिर आणि मेंढीची अर्धी तंगडी खाऊन झोपला. ऑर्गों कळवळतो, "बिच्चारा!" असं चार वेळा होतं. त्या प्रयोगात चारही वेळा सभागृह गप्प होतं. आम्ही तार्त्यूफला आधीच पाहिलेलं, त्यामुळे ऑर्गों नुसता मूर्ख दिसला. मूर्खाला माणसं दोन मिनिटं हसतात आणि मग घड्याळ बघतात.

मोलिएरने छापील नाटकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की आपल्या बदमाशाच्या आगमनाच्या तयारीसाठी त्याने पूर्ण दोन अंक खर्च केले. तो ढोंगी आहे की नाही, ही शंका प्रेक्षकाला क्षणभरही येऊ नये म्हणून. तेव्हा तुमचं ते डोळा मारणं फुकट आहे. आणि प्रवेश करताना तो काय करतो ते वाचा. आधी त्याला दोरीन दिसते, मग आठवतो भक्तीपायी स्वतःला मारून घ्यायचा आसूड! नोकराला मोठ्याने हाक मारून सांगतो, माझा तो टोचणारा सदरा आणि आसूड ठेवून दे, कुणी आलं तर सांग मी कैद्यांना दानधर्म करायला चाललोय. बघणारं कुणी असलं की भक्ती सुरू, एवढं त्या एका हाकेत आहे.

माझी सवय अशी की पहिले काही आठवडे तार्त्यूफ करणाऱ्या नटाला तालमीला बोलवतच नाही. तो रुसतो. बाकीचे मात्र त्याच्याबद्दल बोलायला शिकतात.

त्याला पाद्र्याचा झगा घालणं

ऑर्गों आपल्या मुलीचं, मारियानचं, लग्न त्याच्याशी लावायला निघालाय. कॅथलिक पाद्र्याशी? तार्त्यूफ हा गृहस्थांच्या घरात धर्माचा सल्लागार म्हणून ठाण मांडणारा साधा माणूस आहे. १६६७ मध्ये बंदी चुकवायला मोलिएरने त्याचं नाव पान्युल्फ केलं, कमरेला तलवार आणि कपड्यांना लेस दिली. तरी एकाच प्रयोगानंतर पॅरिसच्या न्यायपीठाचा अध्यक्ष लामोन्यों याने ते बंद पाडलं आणि आर्चबिशपने बघणाऱ्या-वाचणाऱ्यांना धर्मबहिष्काराची धमकी दिली. झोंबलं ते झग्यामुळे नव्हे. आपल्याकडच्या रूपांतरांत त्याला भगवी कफनी चढवतात, तिथेही तेच होतं. प्रेक्षक निवांत बसतो, कारण गोष्ट 'त्या लोकांची' झालेली असते.

टेबलाखाली विदूषकी

चौथ्या अंकात ऑर्गोंची बायको एल्मीर नवऱ्याला टेबलाखाली बसवते आणि तार्त्यूफला बोलावते. तो प्रेमाचा पुरावा मागतो, वर शिकवण देतो की गुपचूप केलेलं पाप हे पापच नव्हे. ती खोकते. नवऱ्याने बाहेर यावं म्हणून खोकते. तार्त्यूफ खोकल्यावर ज्येष्ठमध देऊ करतो. ऑर्गों हलत नाही.

नवखा नट इथे हमखास घात करतो. चादरीतून डोकं काढतो, डोळे वटारतो, टेबलावर टाळकं आपटतो. अरे बाबा, तो बाहेर का येत नाही हाच तर प्रवेश आहे! बायकोवर हात टाकला जातोय तरी तो खाली बसून आहे. शेवटी तार्त्यूफ म्हणतो की हा माणूस नाकाला वेसण घालून फिरवण्यासारखा आहे, सगळं बघूनही काहीच न मानण्याइतका मी त्याला तयार केलाय. त्यानंतर ऑर्गों बाहेर पडतो. प्रत्येक धडपडीला हशा मिळेल, पण ही शांतता गेली की हाती काही उरत नाही.

चादर जमिनीपर्यंत सोडा आणि ती हलू देऊ नका. सगळा भार एल्मीरवर. खोकला कसा वाढत जातो यावर तिच्याबरोबर घासून घासून काम करा. "प्रयोगात जमेल" म्हणणारी एल्मीर मी बदलतो.

पेटीला निव्वळ कथानकाची सोय समजणं

पाचव्या अंकातल्या कागदपत्रांच्या पेटीवरून सगळे घाईने पुढे जातात. परागंदा मित्राची ती पेटी ऑर्गोंने आपणहून तार्त्यूफला दिलेली असते. का? चौकशी झालीच तर 'माझ्याकडे नाही' अशी शपथ घेता यावी आणि विवेकही स्वच्छ राहावा म्हणून. गुरूने ही युक्ती शिकवली आणि चेल्याला ती धर्मसंमत वाटली. ढोंग इथवर पोचलंय. ऑर्गोंच्या नटाला या ओळी हळू म्हणायला लावा.

काही किरकोळ गोष्टी. ऑर्गोंचा मेहुणा क्लेआंत याची लांब भाषणं छाटा, पण खऱ्या आणि खोट्या भक्तीतला फरक सांगणारं भाषण ठेवा. धर्माची टिंगल केली या आरोपाविरुद्ध मोलिएरची ती ढाल होती. राजाचा अधिकारी येऊन सगळं सोडवतो, तो शेवट 'लांगूलचालन' म्हणून काढू नका; घर स्वतःच्या अकलेवर वाचलेलं नाही हे दिसू द्या. आणि १६६४ साली व्हर्सायला झालेला तीन अंकी प्रयोग म्हणजे आपल्या हातातली पाच अंकी संहिता, असं पत्रिकेत छापू नका.

वेळ कमी पडला की मादाम पेर्नेलचा पाचव्या अंकातला प्रवेश उडवतात. ऑर्गों आईला ओरडून सांगतो, मी पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं! म्हातारी म्हणते, दिसतं तसं नसतं. दोरीन लगेच टोमणा मारते, तुम्ही ऐकत नव्हतात, आता तुमचं कुणी ऐकत नाही. ऑर्गोंने तार्त्यूफच्या नावे करून दिलेलं घर खाली करण्याचा हुकूम घेऊन बेलिफ दारात उभा राहतो, तेव्हा कुठे म्हातारी भानावर येते. वेळ वाचवायचाच असेल तर नेपथ्य बदलायची ती ब्लॅकआउट्स काढून टाका. सगळं नाटक एकाच दिवाणखान्यात घडतं.