कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो? वरचा दोरा पुन्हा ओवा

शिलाई मशीनवर शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे आधी बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला) दोष देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मध्ये न बसता नुसता वरून जातो, त्याला ताण मिळत नाही आणि तो खाली सैल पडून गोळा होतो. अशा वेळी टेन्शनचं बटण कितीही फिरवा, फरक पडणार नाही.

म्हणून दोरा पूर्ण काढा, फूट वर उचला आणि सुरुवातीपासून ओवा. दोरा वर-खाली होणाऱ्या लिव्हरच्या भोकातून गेलाय ना, ते हटकून बघा. तिथूनच तो सुटतो. आता फूट खाली करून दोरा ओढा. हाताला स्पष्ट अडकल्यासारखा लागला की बसला समजा.

शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची १० सेंमी टोकं फुटाखालून मागे घेऊन धरा आणि पहिले दोन-तीन टाके चाक हाताने, स्वतःकडे फिरवून घाला.

एवढं करूनही टाके सुटत असतील तर सुई बदला. साध्या सुती कापडाला १४ नंबर, पातळ कापडाला ११, जीन्सला १६. टाक्याची लांबी २.५ मिमी ठेवा. आणि कापड मागून ओढू नका. सुई वाकते, मग मोडते.