बलून बाहेर काढण्यापूर्वी : कॅथ लॅबमध्ये स्टेंटची ठळक प्रतिमा कशी घ्यावी

अँजिओप्लास्टीत बलून (बारीक नळीच्या टोकावरचा फुगा) फुगवून स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवल्यावर डाय (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून पाहिली आणि धमनीतून रक्त नीट वाहताना दिसले, की काम झाले असे मानण्याची घाई होते. मात्र डाय रक्ताची वाट दाखवते, धातूची जाळी पूर्ण उघडली आहे की नाही हे ती सांगत नाही. कॅल्शियमने कडक झालेल्या जागी स्टेंट अर्धवट उघडला, तर पुढे तिथे गुठळी होण्याचा किंवा धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. नागपुरात, मग ते मेडिकलचे सुपर स्पेशालिटी असो की धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये, गोंदिया, गडचिरोलीपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात. त्यातल्या अनेकांना छातीत पुन्हा दुखू लागल्यावर तासाभरात कॅथ लॅब (अँजिओप्लास्टी होते ती क्ष-किरण यंत्राची खोली) गाठणे शक्य नसते. म्हणून ही खातरजमा रुग्ण टेबलावर असतानाच व्हावी, असे माझे ठाम मत आहे. कॅथ लॅबमध्ये नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ आणि डीएम (हृदयरोगातील उच्च पदवी) करणारे निवासी डॉक्टर यांच्यासाठी स्टेंटची ठळक प्रतिमा घेऊन ही खातरजमा करण्याची पद्धत इथे मांडत आहे.

आजच्या स्टेंटच्या तारा साधारण 60 ते 80 मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे केसाएवढ्या असतात. डिटेक्टरचा एक पिक्सेलच सुमारे 150 ते 200 मायक्रॉनचा असतो आणि त्यात हृदय सतत हलत असते, त्यामुळे साध्या चित्रात स्टेंट पुसट दिसतो किंवा दिसतच नाही. बलूनच्या दोन टोकांवरचे मार्कर (धातूच्या खुणा) मात्र क्ष-किरण चांगले अडवतात आणि पडद्यावर दोन काळे ठिपके म्हणून स्पष्ट उमटतात. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये हे दोन ठिपके शोधते, सर्व फ्रेम सरकवून आणि फिरवून ते ठिपके एकमेकांवर बसवते आणि मग फ्रेमची सरासरी काढते. ठिपक्यांबरोबर हलणारा स्टेंट त्यामुळे ठळक होतो, तर बरगड्या, मणके आणि फुप्फुसांच्या छटा विरून जातात. सरासरीने प्रतिमेतला रवाळपणा फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो. सेकंदाला 15 फ्रेमच्या वेगाने तीन सेकंद चित्रण केले, तर 45 फ्रेममुळे तो जवळजवळ पावणेसात पट कमी होतो. फिलिप्सचे स्टेंटबूस्ट, सीमेन्सचे क्लिअरस्टेंट आणि जीईचे स्टेंटव्हिझ यांचे पडदे वेगळे असले, तरी मूळ तत्त्व हेच आहे.

यावरून पहिला नियम आपोआप ठरतो : बलून बाहेर काढू नये. स्टेंट उघडल्यावर बलूनमधील दाब पूर्ण सोडावा, परंतु बलून आणि तो ज्या तारेवरून आत नेला ती वायर जागेवर राहू द्यावेत, कारण बलून बाहेर आला की ठिपकेही गेले. मग स्टेंट लांबीत आखडलेला दिसणार नाही असा सी-आर्मचा (क्ष-किरण यंत्राच्या फिरत्या कमानीचा) कोन निवडावा. बायपास झालेल्या रुग्णाच्या छातीतील तारा, पेसमेकरची लीड किंवा ईसीजीची वायर ठिपक्यांवरून जात असेल, तर कोन थोडा बदलावा. कोलिमेशन घट्ट करावे, म्हणजे किरणांची चौकट लहान करावी, कारण सिनेमध्ये (साठवायच्या चित्रणात) दर फ्रेममागची किरणमात्रा फ्लोरोच्या (नुसत्या पाहण्याच्या चित्राच्या) सुमारे दहापट असते. पण ते इतकेही घट्ट नसावे की ठोक्यागणिक एखादा ठिपका चौकटीबाहेर जाईल. चित्रण सुरू होण्याच्या क्षणी रुग्णाला श्वास रोखायला सांगावे. ‘श्वास घ्या, सोडा, आता थांबा’ एवढे शब्द पुरतात, मात्र हिंदी बोलणाऱ्या रुग्णाला ते हिंदीतच सांगावेत. दोन-तीन सेकंदांच्या या चित्रणात डाय सोडू नये आणि टेबल मुळीच हलवू नये.

प्रतिमा तयार झाल्यावर आधी स्टेंटच्या दोन्ही कडा शोधाव्यात आणि मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर सावकाश न्यावी. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या रेषा समांतर असाव्यात. मध्येच त्या आत ओढल्यासारख्या, म्हणजे स्टेंटला कंबर आल्यासारख्या दिसल्या, तर तिथे एनसी बलूनने (जास्त दाबातही फारसा न ताणणाऱ्या कडक बलूनने) पुन्हा फुगवावे की नाही हे ऑपरेटरने ठरवावे. ते करताना याच प्रतिमेचा आणखी एक उपयोग होतो : एनसी बलूनचे मार्कर स्टेंटच्या कडांच्या आत आहेत की नाही हे फुगवण्याआधीच कळते आणि स्टेंटबाहेरची निरोगी भिंत फाटण्याचा धोका टळतो. दोन स्टेंट एकमेकांवर किती चढले आहेत किंवा मध्ये फट राहिली आहे का, हेही इथेच दिसते. एका कोनातून ठीक दिसणारा स्टेंट दुसऱ्या कोनातून चपटा असू शकतो. म्हणून कंबर अपेक्षित असलेल्या कॅल्शियमच्या जागी शक्यतो काटकोनातील दुसरे चित्रण घ्यावे. व्यास मोजायचा असल्यास बलूनच्या दोन मार्करमधील ज्ञात अंतर कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मोजमापाचे प्रमाण ठरवण्यासाठी, वापरता येते, मात्र बलून कोनात आखडलेला नसावा.

प्रतिमा धूसर आली तर सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी मूळ चित्रण फ्रेमनिशी पाहावे. बहुतेकदा श्वास सुटलेला असतो, टेबल हललेले असते किंवा रिकामा बलून ठोक्याबरोबर स्टेंटच्या आत पुढे-मागे घसरत असतो. शेवटच्या प्रकारात ठिपके अचूक जुळतात, पण स्टेंट पुसटच राहतो. दोन फाट्यांच्या जागी दोन बलून एकत्र असतील, तर चार ठिपके दिसतात आणि सॉफ्टवेअर चुकीची जोडी धरू शकते. अशा वेळी योग्य जोडी हाताने निवडावी किंवा ऑपरेटरला एक बलून मागे घ्यायला सांगावे.

या प्रतिमेत धातू दिसतो, भिंत दिसत नाही. स्टेंट भिंतीला टेकला आहे का किंवा कडेला भिंत चिरली आहे का, या प्रश्नांसाठी आयव्हस (धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी घेतलेले चित्र) किंवा ओसीटीच (तसेच प्रकाशाने घेतलेले चित्र) लागते. डाव्या मुख्य धमनीच्या कामात, केवळ ठळक प्रतिमा चांगली आली म्हणून ते टाळणे मला योग्य वाटत नाही. परंतु त्यांचे कॅथेटर महाग असल्याने ते प्रत्येक रुग्णाला वापरले जात नाहीत, आणि तिथे अतिरिक्त साहित्याविना मिळणारी ही प्रतिमा फार मोलाची ठरते.

साठवताना ठळक प्रतिमा आणि तिचे मूळ चित्रण दोन्ही ठेवावेत आणि ते बलूनच्या कोणत्या दाबानंतरचे आहे हे नोंदवावे. रुग्णाला दिल्या जाणाऱ्या सीडीत प्रक्रिया केलेली प्रतिमा आपोआप जाईलच असे नसते, म्हणून सीडी हाती देण्यापूर्वी ती उघडून पाहावी.