शस्त्र हाती घेतलेल्या धर्मगुरूंविषयी लिहिताना काय तपासावे
युद्धाशी संबंध आलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूविषयी लिहायचे असल्यास प्रथम त्याची नेमकी भूमिका निश्चित करावी. कारण प्रत्यक्ष लढणारा, प्रवचनातून सैन्यभरतीचे आवाहन करणारा आणि 1949 च्या जिनिव्हा करारांनी संरक्षण दिलेला, लढाईत भाग न घेणारा लष्करी पाद्री यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

त्यानंतर चर्चची प्रतिक्रिया पाहावी. कॅथलिक चर्चच्या 1215 मधील चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना रक्तपातापासून दूर राहण्यास सांगितले होते, तरीही प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच फळ आले नाही. मेक्सिकोत 1810 मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव पुकारणाऱ्या मिगेल इदाल्गो या कॅथलिक धर्मगुरूंचे धर्मपद काढून घेऊन 1811 मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. उलट लुइझियानाचे एपिस्कोपल (प्रॉटेस्टंट) बिशप लिओनिडस पोल्क 1861 मध्ये अमेरिकेतील दक्षिणी राज्यांच्या सैन्यात सेनापती झाले आणि 1864 मध्ये तोफगोळ्याने ठार झाले, तेव्हाही ते बिशपच होते.

सर्वांत अधिक सावधगिरी दंतकथांबाबत बाळगावी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले धर्मगुरू पीटर म्युलेनबर्ग यांनी 1776 मध्ये व्हर्जिनियातील वूडस्टॉक येथे प्रवचनानंतर झगा उतरवून आतील गणवेश दाखवला, ही कथा प्रामुख्याने 1849 मध्ये त्यांच्याच कुळातील वंशजाने लिहिलेल्या चरित्रातून पसरली. (इतका नाट्यमय प्रसंग आढळला की शंका घेणेच बरे.) त्यांनी व्हर्जिनियाच्या आठव्या रेजिमेंटचे नेतृत्व केले आणि 1777 मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले, हे मात्र निर्विवाद आहे, म्हणून लेखनात या दोन्ही गोष्टी स्वतंत्र वाक्यांत मांडाव्यात.