आखाजीचं टोकन आणि काळ्या मातीतलं घर: या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घर बुक करायचं, हे आमच्या खानदेशात ठरलेलंच. लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, खापरावर पुरणपोळ्या चाललेल्या. त्या गडबडीत मेव्हणा म्हणतो, "दाजी, बिल्डर आपलाच माणूस शे, टोकन देऊन टाका." पहिली चूक इथेच होते.

रेरात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत साठेखताआधी (बिल्डरशी होणाऱ्या विक्रीच्या कराराआधी) 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. पण 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर किंवा 8 पर्यंत फ्लॅट असले तर ही नोंदणी लागत नाही. कॉलनीतल्या छोट्या अपार्टमेंटमध्ये म्हणून जास्तच डोळे उघडे ठेवा.

दुसरी चूक, सातबाऱ्यावर मालकाचं नाव बघून कागद घडी घालणं. खाली 'इतर हक्क' वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कूळ, सगळं तिथे सापडतं. नंदुरबार, साक्री, शिरपूरकडे तर जमीन महसूल कायद्यातली कलम 36 आणि 36अ हे आकडे शोधाच. आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाही, आणि खरेदीखत नोंदलं गेलं म्हणून असा व्यवहार शुद्ध होत नाही. बिनशेती आदेश मागा, 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदलेल्या व्यवहारांचा शोध, काढा. वकील आपला घ्या, बिल्डरचा नको.

मी हे सगळं केलं आणि मातीत फसलो. तिसऱ्या उन्हाळ्यात देवघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. मिस्त्रीने पुट्टी भरली, रंग दिला. पुढच्या मे महिन्यात पुट्टीच्या शेजारून नवी भेग, नाणं जाईल एवढी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरवरचा पाया तिच्याबरोबर हलतो. पाया मुरमापर्यंत नेला का, की पाइल, म्हणजे खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब, घातले, हे मी विचारलंच नव्हतं. जुन्या घरात खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांवर नव्या रंगाचे पट्टे दिसले की समजून जा.

आधीच घेऊन बसला असाल तर पुट्टीवर पैसे घालू नका. भिंतीलगत पाणी मुरतंय का ते बघा: फुटलेलं चेंबर, गच्चीचा पाइप, खेटून लावलेली झाडं. चहूबाजूंनी उताराचा पक्का पट्टा करून घ्या. भेग वाढतच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. रेरा प्रकल्पात ताब्यापासून 5 वर्षांत असा दोष निघाला, तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या.

पैशाचा हिशोबही फ्लॅटच्या किमतीवर थांबतो. 28 लाखांच्या फ्लॅटवर बँक जास्तीत जास्त 90 टक्के देते. महापालिका हद्दीत साधारण 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 1 टक्का नोंदणी मिळून जवळपास 2 लाख खिशातूनच जातात. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा.

आणि घर दिवाळीत बघू नका. मे महिन्यात दुपारी 3 वाजता जा. वरचा मजला असेल तर पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा. खाली उतरताना शेजारच्या वहिनींना विचारा, पाणी किती दिवसाआड येतं आणि बोअर कोणत्या महिन्यात आटते. बिल्डरसमोर नको, तो गाडीकडे गेल्यावर.